चाळीस नंबरचं औषध

ता. ६ जानेवारी १९०८
आजपासून या दवाखान्यात शास्त्र सुरू. रोगांच्या नंबरांचं विलायती पुस्तक आलं, ते माझ्या ताब्यात. रजिस्टरात यापुढे ‘पोटात गोळा’, ‘अंगात कणकण’ असला गावठी कचरा नाही. डॉक्टरसाहेब आठवड्यातले चार दिवस खेड्यांच्या फेरीवर, म्हणजे सगळं माझ्यावरच. मी रोग्याला नंबराची चिठ्ठी देणार, कंपाउंडर बाबालाल तक्त्यात नंबर बघून औषध देणार. एप्रिलात हेडक्लार्कची जागा रिकामी होते. माझ्याशिवाय आहे कोण? बाबालाल? मोडीपुरता शिकलेला!

ता. ९ जानेवारी
उचगावची चिमणाबाई. दहा दिवसांची बाळंतीण, अंगात ताप. अर्धा तास पुस्तक चाळून नंबर काढला : चाळीस. औषध कडू असेल म्हणून बाई रडायला लागली. बाबालालनं चाखून दाखवलं, पाकासारखं गोड आहे म्हणाला. औषधाची चव बघतात. काय लोक!

ता. २० जानेवारी
नंबर तोंडपाठ. पुस्तक कपाटात, किल्ली जानव्याला. बाबालालचे तेलकट हात नकोत.

ता. ३ फेब्रुवारी
उचगावचे अकरा जण आले. काय होतंय विचारलं, तर एका सुरात ‘चाळीस’. महिनाभरात या दगडांना शास्त्र शिकवलं! चाळीस म्हणजे ताप, हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. अकराही चिठ्ठ्या दिल्या.

ता. १४ फेब्रुवारी
हंबीरराव पैलवान. मनगट मुरगळलेलं, पण मागतो चाळीस. ‘द्या की पावणं,’ म्हणाला. मुरगळ म्हटली की ताप आलाच. दिला. दुधातून घेणार म्हणे. अक्कल सगळी मांड्यांत.

ता. १५ फेब्रुवारी
बाबालाल मला शिकवायला आला. ‘आण्णा, चाळीस बाळंतिणीचं हाय. पैलवानाला कशाला? एकदा पुस्तक तरी बघा.’ मी म्हटलं, तू बाटली हलव. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता चिठ्ठ्यांच्या पाठीवर मोडीत काहीतरी खरडत बसतो. खरडू दे.

ता. २ मार्च
मला खोकला. औषधात घालायचा पाक इतका कसा संपतो, असं डॉक्टरसाहेबांनी विचारलं. शास्त्राचा प्रसार, असं सांगितलं. त्यांना फारसं कळलेलं दिसलं नाही.

ता. २६ मार्च
वर पाठवायचं रोग्यांचं तिमाही रिटर्न तयार. चाळीस नंबर : रोगी एकशे त्र्याऐंशी, पैकी पुरुष एकशे एकोणसत्तर. अक्षर मोत्यासारखं. उद्या तपासणी. जागा खिशात.

ता. २७ मार्च
तपासणीच्या साहेबानं रिटर्न दोनदा वाचलं. मग पुस्तक मागितलं. किल्लीची गाठ सुटेना, जानवं तुटलं. साहेबानं पान काढून माझ्या नाकापुढे धरलं आणि विचारलं, एकशे एकोणसत्तर पुरुष बाळंत झाले, ही बातमी दरबारला कळवली का? डॉक्टरसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. नेमका तेव्हाच हंबीरराव रिकामी बाटली घेऊन दारात. साहेबानं त्याला काय होतंय ते विचारलं.
‘काय न्हाय. ग्वाड हाय म्हणून घेतोय.’
छपाईची चूक असावी, असं मी सुचवलं. कुणी लक्ष दिलं नाही. विलायती माणसांना विनयाचं वावडं.

ता. २८ मार्च
बाबालालच्या खरडीवरून रजिस्टर नव्यानं लिहायचा हुकूम. चिठ्ठ्यांच्या पाठीवर प्रत्येक रोग्याचे शब्द जसेच्या तसे : ‘मनगट दुखतं’, ‘दाढ ठणकते’, बऱ्याच ठिकाणी ‘काय न्हाय’. तो वाचून दाखवतो, मी लिहितो. मोत्यासारख्या अक्षरात ‘काय न्हाय’.

ता. २ एप्रिल
हेडक्लार्कची जागा बाबालालला. माझी बदली गारगोटीला, बाटल्यांना लेबलं डकवायला. बरंच झालं. तिथली हवा मानवेल. कोल्हापूरला शास्त्राची लायकी नाही.

ता. ५ एप्रिल
उद्या निघणार. खोकल्यानं झोप नाही, म्हणून दवाखान्यात गेलो. माझ्या टेबलाशी बाबालाल. काय होतंय विचारलं. घसा खवखवतो, छाती भरून येते, असं सांगितलं. त्यानं तसंच लिहिलं. ओळीत बायामाणसं होती, म्हणून खाली वाकून हळूच विचारलं, चाळीस मिळेल का?
तो हसला नाही. बाटली दिली.
खरंच गोड आहे.