तुझी इच्छा म्हणून सांगितलं ते

प्रिय कौसल्या,

जन्मभर तुला ‘अगं ए’ म्हणूनच हाक मारली. आज नाव लिहिताना हात अडखळतोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही चार गावांत मिळून झालेली. चुकलं तर हसू नकोस. पण लिहिल्यावाचून राहवत नाही. तुझ्या नावावर मी एक खोटं बोललो होतो, आणि ते पुस्तकात छापायला निघालं होतं!

 कालपासून चहा समोर निवतो, प्यायचं सुचत नाही. सून दोनदा विचारून गेली, “आबा, बरं न्हाई का?” तिला काय सांगू?

आपल्या नातीपासून, रेणूपासून सांगतो. तू गेलीस तेव्हा ती नगरच्या वसतिगृहात होती, बारावीची परीक्षा चालू होती, म्हणून आम्ही तिला दोन दिवस कळवलंच नाही. ती आता पुण्याच्या कॉलेजात शिकवते. डॉक्टर झाली, सुई न टोचणारी. तिचा अभ्यास काय, तर आपल्यासारखी पालं टाकून फिरलेली माणसं आणि तिकडं युरोपातली रोमा माणसं, यांच्याशी जग कसं वागलं. रोमा म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ते. त्यांना ते नाव शिवीसारखं लागतं म्हणे. आपल्याला नाही का कुणी ‘ए घिसाड्या’ म्हटलं की लागायचं? हजारेक वर्षांपूर्वी ती माणसं आपल्याच मुलखाकडून निघाली, असं रेणू सांगते. एवढं लांब! वाटेत किती बैल मेले असतील, मला आधी हेच सुचलं.

शनिवारी रेणू आली ती एका पाहुणीला घेऊन. इलोनाबाई. तिच्या देशाचं नाव मला धड म्हणता येत नाही. मी म्हटलं, गोरीपान मडम येणार, तर खुर्ची पुसून ठेवली, सुनेला नवीन कप काढायला लावले, रेणूला तीनदा फोन करून विचारलं की बाई तिखट खाते का. आणि उतरली कोण? आपल्या सुनेच्याच रंगाची, पन्नाशीची, जाडजूड वेणीची बाई! ती खुर्चीवर बसलीच नाही. सरळ भट्टीपाशी गेली. ऐरणीवर हात फिरवला. बाई रोमाच, तिचा आजा तांब्याची भांडी घडवायचा, रेणूनं सांगितलं. मी नुकत्याच पाजवलेल्या सुरीकडं बोट दाखवून बाई म्हणाली, “छुरी.” मग माठाकडं बोट करून, “पानी.” अगं, माझ्या अंगावर काटा आला! कुठून आली ही बाई आणि काय बोलते!

तेवढ्यात आप्पा आले. तेच आप्पा, आपल्या गावचे, जे पंचायतीत बसतात. कुणी सांगितलं कोण जाणे, पण शाल-नारळ घेऊन आले, सोबत मोबाईल धरलेली दोन पोरं.

“हजार वर्सांनी लेक माहेराला आली!” आप्पा मोठ्यानं म्हणाले. “आपल्या भारतमातेची लेक! सोपान, जरा बाजूला व्हय, फोटोत येतोयस.”

मी बाजूला झालो. रेणूनं बाईला सगळं उलगडून सांगितलं. बाईनं शाल घेतली, हात जोडले, आणि माझ्याकडं बघत काहीतरी विचारलं. रेणूनं ते आप्पांना मराठीत सांगितलं, “बाई विचारतात, मी तुमची लेक, तर हे तुमचे कोण?”

“हे व्हय?” आप्पा हसले. “हे आपले घिसाडी. लई जुने. विळा असा करून देतो ना, दोन सुगी बघायला नको!”

बाई हसली नाही. मी मात्र हसलो. सवयच तशी.

ते गेल्यावर रेणू म्हणाली, “आबा, तुम्ही सांगितलेलं मी पुस्तकात लिहिलंय. छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायचंय. आपल्यावर आजवर जे लिहिलं गेलं ते आपल्याला कधी कुणी दाखवलं नाही.”

मी म्हटलं, “वाच की. त्यात काय एवढं?”

आणि पोरगी वाचायला लागली, मधे मधे बाईलाही इंग्रजीत सांगत. तुझं घण मारणं, माझं सांडशीत लोखंड धरणं, पोटुशी असतानाही तू घण सोडला नाहीस ते. सोनईच्या बाजारात आपण खुरप्यांचा ढीग मांडून बसायचो ते. मी मान डोलावत होतो. वाटलं, बघ, आपली कौसल्या पुस्तकात गेली!

मग ते वाक्य आलं. मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते डोक्यातून जातच नाही. “या समाजात मृत व्यक्तीला गावच्या स्मशानात न नेता दूर नदीकाठी नेण्याची प्रथा आढळते. मृताची तशी इच्छाही असते.”

प्रथा! कौसल्या, प्रथा!

माझ्या कानात भाता फुंकल्यासारखं झालं. रेणू पुढं वाचत होती, मला काही ऐकू येईना. ही प्रथा तिला सांगितली कुणी? मीच! दहाव्याला ती रडत आली आणि म्हणाली, “आजीला एवढ्या लांब का नेलं?” तेव्हा मी म्हणालो, “तिचीच इच्छा होती, बाई. नदीकाठ हवा होता तिला. आपल्यात तसंच असतं.” पोरीनं ते मनात जपून ठेवलं. मला वाटलं होतं, एक थाप मारली, संपली. ती संपली नव्हती गं. ती शिकून मोठी झाली होती!

तुला खरं माहीत असेल का? तू तर तिथंच होतीस, टेम्पोत. तरी सांगतो.

सकाळी नऊला तुला घेऊन आम्ही गावच्या स्मशानाशी गेलो. दारात आप्पा आणि चौघं उभे. आप्पा म्हणाले, “सोपान, तुमचं इथलं काय हाय? आज तुला जागा दिली तर उद्या पालवाले दहा जण येत्याल.” पस्तीस वर्षं राहिलो होतो आपण या गावात! रेशनकार्ड इथलं, मत इथलं. आणि आत शेडमध्ये लाकडं रचायचा तो लोखंडी सांगाडा कुणी घडवला होता? आपण दोघांनी! तीन दिवस घण मारला होतास तू. मला दारातून तो दिसत होता. त्याच्यावर तुला ठेवू दिलं नाही.

नामा चिडून पुढं झाला होता. मीच त्याचा हात धरला. आपला लेक माझ्या अंगावर ओरडला, “आबा, सोडा!” मी सोडला नाही. उलट आप्पांना हात जोडून म्हणालो, “बरोबर हाय तुमचं.”

बरोबर हाय! हे मी म्हणालो. तुझ्या अंगावरचं कापड वाऱ्यानं उडत होतं आणि मी म्हणालो, बरोबर हाय.

मग टेम्पो वळवला. प्रवरेपर्यंत खड्ड्यांचा रस्ता. तुझा पाय फळीवर आपटत होता, मी तो मांडीवर घेऊन बसलो. परक्या गावच्या हद्दीत लाकडं मिळाली ती ओली, पेटेनात. नामानं टेम्पोतलं डिझेल काढलं. याला प्रथा म्हणायचं?

शनिवारी रेणू वाचायची थांबली, कारण इलोनाबाईनं हात वर केला होता. तिनं रेणूला विचारलं, ही प्रथा कुणी सांगितली? रेणू म्हणाली, आबांनी. मग बाई माझ्याकडं वळली. रेणू तिचं बोलणं मराठीत सांगत होती.

“गावात स्मशान आहे?”

“हाय.”

“तुमच्यापैकी आजवर तिथं कोण गेलं?”

मी उगाच कप गोळा करायला लागलो.  बाईनं वाट बघितली. मग ती हळू आवाजात आपलं सांगायला लागली. त्यांच्या गावात कबरस्तानाला भिंत आहे, आणि तिची आजी भिंतीच्या बाहेर पुरलीय. तिकडच्या जुन्या पुस्तकात लिहिलंय, या लोकांना वेगळं राहायला आवडतं, मेल्यावरसुद्धा. वस्ती कचऱ्याच्या ढिगाशी, तर म्हणे त्यांची संस्कृतीच तशी. पोरं शाळेत वेगळ्या वर्गात, तर म्हणे त्यांना शिक्षणाची गोडी नाही. शिकलेली माणसं त्यांच्या पालांवर आली, डोकी मोजली, नाकं मोजली, आजा-पणजाची नावं लिहून घेतली. पुढं दुसऱ्या महायुद्धात त्याच याद्या हातात घेऊन माणसं हुडकली आणि रेल्वेच्या डब्यात भरून मारायला नेली.

कौसल्या, मला हे ठाऊकच नव्हतं! मी समजत होतो, गोऱ्यांच्या देशात सगळं रांगेत, सगळं नीट. माणसं मोजून, लिहून, मारली? आणि ती मोजणारी माणसं शिकलेली होती?

बाई शेवटी म्हणाली, “म्हणून कुठं प्रथा असं लिहिलेलं दिसलं की मी आधी विचारते, दार उघडं होतं का?”

मला तिथंच बोलायला हवं होतं. पण मी काय केलं? “भट्टीवर फाळ ठेवलाय,” म्हणून उठलो. भट्टी तर थंड होती. रेणूनं बघितलं.

नामा मागून आला. त्यानं दारातून सगळं ऐकलं होतं. “आबा, गप ऱ्हावा,” तो म्हणाला. “माझ्या घरकुलाचा कागद पंचायतीत आप्पांपुढं पडलाय. पुस्तकात हे आलं तर तो कागद हलंल का? आन् विळे-खुरपी घिऊन कोण येईल आपल्याकडं?”

“तवा तर तू भांडायला निघाल्तास,” मी म्हणालो.

“तवा तुमीच हात धरला. आता मी तुमचा धरतो.”

बरोबर आहे त्याचं. नाही, बरोबर नाही! बघ, हा शब्द तोंडात किती बसलाय.

काल सकाळपासून मी घरात येरझाऱ्या घातल्या. रेणूची बस दुपारची. मी तिला विचारलं, तिकीट काढलं का? पाण्याची बाटली घेतली का? पुन्हा विचारलं, तिकीट काढलं का? शेवटी तीच म्हणाली, “आबा, तुम्हाला वेगळंच काहीतरी बोलायचंय.”

आणि मी बोललो. स्मशानाचं दार, आप्पा, सांगाडा, जोडलेले हात, डिझेल. सगळं. भात्याचा दांडा धरून उभा होतो.

रेणू पांढरीफटक पडली. मग संतापली. “मी एवढी वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं खोटं शोधत हिंडले, आबा! आणि माझ्याच पुस्तकात, माझ्याच आजीबद्दल...”  मग म्हणाली, “तुमचाच दोष नाही. आजीच्या दहाव्याला मी जे ऐकलं ते बारा वर्षं पुन्हा विचारलंच नाही. मला ते गोड वाटलं. नदीकाठ, शेवटची इच्छा.”

तिनं बाईला सगळं सांगितलं आणि ती ते पान फाडायला निघाली. इलोनाबाईनं तिचा हात धरला. म्हणाली, “फाडू नकोस. आधी काय सांगितलं ते राहू दे, आणि ते का सांगावं लागलं ते पुढं लिही.”

तेव्हा रेणू वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि तिनं विचारलं, “मग आबा, आजीची खरी इच्छा काय होती?”

कौसल्या, मी दांडा सोडून खाली बसलो.

एकोणपन्नास वर्षं एका भट्टीवर काम केलं आपण. तुला चहात आलं नको असायचं, डाव्या खांद्यात कळ यायची, सगळं ठाऊक. पण शेवटी कुठं जायचंय हे मी तुला कधी विचारलं नाही. गावानं विचारलं नाही ते समजू शकतो. मी? मी तर तुझ्या तोंडी नदीकाठ घातला! तुला काय हवं होतं गं? हेच गाव हवं होतं? की त्या दारात तूही म्हणाली असतीस, “चला इथून, नको ह्यांची जागा”? रागावली असतीस का माझ्यावर, मी हात जोडले तेव्हा?

रेणूला म्हणालो, “मला माहीत न्हाई. मी विचारलंच न्हाई. तसंच लिही.” तिनं तसंच लिहिलं. मग दोघी बसनं गेल्या.

नामा कालपासून माझ्याशी बोलत नाही. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू?  पण येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. आपल्या माणसांना स्मशानात जागा हवी, असा अर्ज माझ्या हातानं लिहिला आहे. त्यात तुझ्याशी काय झालं तेही लिहिलंय. आप्पा समोर असतील. आवाज कापला तर कापला, हात मात्र जोडणार नाही.

आणि तुला एवढा शब्द देतो. तू जे बोलली नाहीस ते यापुढं मी तुझ्या नावावर कधी बोलणार नाही. कुणी विचारलं, कौसल्याला काय हवं होतं, तर सांगेन, ते तिलाच विचारायला हवं होतं.

तुझा,
सोपान