उतरायचा माळ आणि पेटीतला विंगसूट

मी, कु. रत्ना मानसिंग शिळीमकर, वय एकाहत्तर, शासकीय शिवणकला निदेशक म्हणून निवृत्त, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे इच्छापत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ज्याला तो पुरेसा वाटत नसेल त्याने माझ्याशी थोडा वेळ बोलून पाहावं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला न विचारता माझी जमीन विकायला काढायचा प्रयत्न मात्र झाला होता, त्याचं कलम पुढे येईल. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती, ती दोन्ही रद्द समजावीत. पहिल्यात सगळं भावाला दिलं होतं, तो माझ्याआधी गेला. दुसऱ्यात सगळं भाचीला दिलं होतं. ते का बदललं, ते वाचणाऱ्याला कळेल.

माझे वारस कोण ते आधी सांगते. लग्न मी केलं नाही. झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी आपलं वाक्य दुरुस्त करावं. धाकटा भाऊ बंडू आणि त्याची बायको दोघंही आता नाहीत. त्यांची दोन मुलं आहेत. थोरला कुमार, नसरापूरला हार्डवेअरचं दुकान चालवतो. धाकटी शेफाली, पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि सुट्ट्या साठवून विमानातून उड्या मारते. यात जीव द्यायचा हेतू नसतो. पाठीवर पॅराशूट असतं. भोरमधल्या ज्या बायकांनी मला "पोरीला समजवा" असं सांगितलं, त्यांची मुलं हायवेवर हेल्मेटशिवाय फिरतात.

कलम पहिले. भोरचं माझं राहतं घर शेफालीला द्यावं. बैठकीची खोली लांब आहे, पॅराशूट अंथरून घडी घालायला पुरते. मधला लाकडी खांब काढू नये. घडी घालताना दोर ताणायला तो लागतो.

कलम दुसरे. माझी तिन्ही शिलाई मशीन, पायाचं धरून, माझी विद्यार्थिनी मंगल हिला. तिला मी वर्गात खूप बोलले. त्यातलं सगळं खरं होतं, आणि आज ती माझ्यापेक्षा सरळ टीप मारते. मोठी कात्रीही तिचीच. त्या कात्रीने कागद कापला तर वारसा रद्द.

मला आयुष्यभर "शिवणबाई" म्हणणाऱ्या आमच्या तेव्हाच्या साहेबांना काही नाही. त्यांच्या निरोप समारंभाच्या सुटाची बाही मीच उसवून पुन्हा लावली होती, तेवढं पुरे.

कलम तिसरे, विंगसूटबद्दल. हे जरा लांबणार आहे, कारण या गावात यावर बोलण्याजोगं दुसरं कोणी नाही.

विंगसूट म्हणजे अंगभर कापडी पोशाख. दंडापासून कमरेपर्यंत पडदा, दोन पायांच्या मध्ये पडदा, आणि पडद्याला पुढून हवा शिरायची तोंडं. माणूस विमानातून सुटला की पडदे फुगतात आणि तो नुसता खाली न पडता पुढे सरकतो. पासलीच्या माझ्या माळाला लागून ज्यांचं भात आहे त्या धोंडाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "ह्यो तर वाघूळ हाय, रत्नाबाई. पर उलटा टांगायचा ऱ्हायला." शेफालीकडे असे दोन आहेत. दोन्हींची डागडुजी मी केली आहे, तेव्हा माझं मत कपड्याच्या आतल्या बाजूने बनलेलं आहे. पाचगणीला आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर फिलोमिना कोणताही कपडा आधी उलटा करायच्या आणि मग तोंड वाकडं करायच्या. मीही तेच करते.

निळा सूट लहान आहे. पंख आखूड, पडदा एकेरीसारखाच, टिपा जाड आणि मनापासून घातलेल्या. तो फार लांब नेत नाही, पण चूक पोटात घालतो. तो घालून हात सहज पाठीमागे जातो, आणि हात पाठीमागे जाणं ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण कमरेमागच्या खिशातून छोटं पॅराशूट ओढून फेकल्याशिवाय मोठं बाहेर येत नाही. नव्या सुनेसारखा हा सूट: बोलत कमी, कामाला चोख.

तांबडा सूट मोठा आहे. एका परदेशी माणसाकडून वापरलेला घेतला. पंख मनगटाच्याही पुढे, पायांतला पडदा थेट बोटांपर्यंत, आत कप्पेच कप्पे, पुढच्या कडेला ताठपणासाठी भरलेली पट्टी. दिसायला देखणा. उलटा केला तर काखेतली टीप पायलीला पन्नास. ती मी सगळी उसवून नव्याने घातली. हा सूट निळ्याच्या कितीतरी पुढे जातो, पण घालणारी जराशी वाकडी झाली की भोवऱ्यासारखा गरगरवतो, आणि हात पाठीमागे न्यायचा तर भरलेला पंख हाताशी भांडतो. हा नटव्या जावयासारखा: लग्नात शोभतो, अडीअडचणीला बोलवू नये.

शेफालीला उडी शिकवणारी रश्मी. तिने तांबडा सूट पाहिला आणि म्हणाली, "अजून नाही." शेफालीने तो स्वतःहून माझ्या लोखंडी पेटीत आणून ठेवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. ती किल्ली माझ्यामागे रश्मीकडे जावी. कुमारला दिली तर सूट पेटीत कुजेल. शेफालीला दिली तर उद्या सकाळी पेटी उघडी असेल. दोघांवरही माझं प्रेम आहे, पण किल्ली रश्मीकडेच.

तिसराही एक सूट होता, शेफालीबरोबर उड्या मारणाऱ्या स्वरूप नावाच्या मुलाचा, करवंदीच्या जाळीत फाटलेला. तो मी दुरुस्त करायला नकार दिला. आता तो धोंडाबाईंच्या भातात बुजगावणं आहे. त्या म्हणतात, "डुकरं येत न्हाईत आता. पर पोरं येत्यात फोटू काढाया, ती डुकरापरीस जास्ती तुडवत्यात." सूट धोंडाबाईंकडेच राहावा. स्वरूपने तो मागू नये.

कलम चौथे. या उड्या मारणाऱ्या मंडळींचे रिवाज मी इथे नोंदवते, कारण पुढची कलमं त्यावाचून समजणार नाहीत. हे लोक मरणाच्या इतक्या जवळून खेळतात आणि वागतात मात्र सहलीला आलेल्या चौथीच्या वर्गासारखे. शंभरावी उडी मारून कोणी उतरला की त्याच्या तोंडावर केक फासतात. माझ्यासमोर अन्नाची अशी नासाडी केली तेव्हा मी सगळ्यांना उभं करून बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, "सॉरी आत्या" म्हणाले, आणि पुढच्या वेळी केकऐवजी श्रीखंड आणलं.

दुसरा रिवाज असा, की कोणाच्या तोंडून "मी हे पहिल्यांदाच केलं" असं निघालं, की बाकीच्यांनी ओरडायचं आणि त्याने सगळ्यांना बियर पाजायची. माझ्या माळावर बियर चालणार नाही असं मी सांगितलं. बराच वाद होऊन बियरच्या जागी गुळाची जिलबी आली. तेव्हापासून ही मुलं पासलीत तोंड सांभाळून बोलतात.

माझ्यावरही हा नियम चालला. सत्तरीला शेफालीने मला दिल्लीच्या पुढे कुठेसं नेलं आणि एका धिप्पाड मुलाच्या छातीला बांधून विमानातून ढकललं. विमानात तो मला विचारत होता, "मॅडम, भीती वाटते?" मी त्याला सांगितलं की त्याच्या उजव्या पट्ट्याच्या शिलाईचा धागा सुटलेला आहे. त्याचाच चेहरा उतरला. मग त्याने पाहिलं, तो नुसता वरच्या झालरीचा धागा होता. पॅराशूट उघडल्यावर इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू आला. खाली उतरल्यावर मी म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी गप्प बसवलं." सगळे ओरडले. जिलबी माझ्याकडे.

कलम पाचवे. माळ.

सगळ्यांचं लक्ष याकडे आहे हे मला ठाऊक आहे. मौजे पासली, तालुका राजगड, ज्याला मी मरेपर्यंत वेल्हेच म्हणणार, येथील वडिलोपार्जित वरकस जमीन, वाटणीने माझ्याकडे आलेली. पूर्वेस धोंडाबाईंची भातखाचरं, पश्चिमेस ओढा, उत्तरेस वनखात्याची हद्द, दक्षिणेस रस्ता. तिथे नाचणीही धड येत नाही. पण सपाट आहे, तारा नाहीत, झाडं कडेला आहेत. दोन हिवाळे रीतसर परवानग्या काढून ही मुलं तिथे उतरली.

गेल्या वर्षी कुमारने एका प्रमोटरला माळ दाखवला. माझ्या हयातीत, मला न विचारता, माझ्या माळावर वीस बंगल्यांचे प्लॉट पाडलेला रंगीत कागद मला नसरापूरच्या पानटपरीवर मिळाला. वर लिहिलं होतं, "गडाच्या कुशीत तुमचं दुसरं घर". पहिलं घर ज्यांना सांभाळता येत नाही त्यांच्यासाठी. मी कुमारला फोनवर जे बोलले ते कायद्याच्या कागदात लिहिण्याजोगं नाही. त्याच आठवड्यात मी दुसरं मृत्युपत्र केलं आणि माळ शेफालीच्या नावे लिहिला. विकायचा नाही अशी अटही घालणार होते. वकील म्हणाले, "बाई, जमीन दिली की दिली. अशी अट घातलीत तर अट जाते आणि जमीन राहते." म्हणजे कागदावर भरवसा ठेवता येत नाही, माणसावरच ठेवावा लागतो. हे सांगण्याची त्यांनी फी घेतली.

मग या जानेवारीत शेफाली निळा सूट घालून माळावर उतरणार होती. कुमार आपल्या टेम्पोतून प्रमोटरला घेऊन नेमका तेव्हाच आला. मी बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात विमानाचा आवाज आला.

प्रमोटर म्हणाला, "कुमारशेठ, त्या कोपऱ्यातनं व्ह्यू बघून घेऊ."

"थांबा," कुमार म्हणाला.

तो मान वर करून उभा राहिला. वर एक ठिपका सुटला आणि तोरण्याच्या बाजूने तिरका सरकू लागला. धोंडाबाई म्हणाल्या, "कुमारदादा, टोपी घाल की, ऊन लागंल." त्याला ऐकू गेलं नाही. ठिपका सरकत राहिला, आणि मग वर पिवळं पॅराशूट फुललं. त्याबरोबर कुमार मुरमात खाली बसला. पँट नवी होती.

"आत्या, उतरली का ती?" त्याने डोळे मिटले होते.

"डोळे उघड आणि बघ."

"नगं. तुमी सांगा."

"उतरली. दोन्ही पायांवर."

तेव्हा तो म्हणाला, "माळ नसला म्हंजी इथं तरी उड्या मारायची न्हाई ती. बाकी जगाचं माझ्या हातात न्हाई. आई-बाप न्हाईत आमाला, आत्या. एकच बहीण हाय."

हे त्याने आधी सांगितलं असतं तर फोनचं बिल वाचलं असतं. मी म्हणाले, "मग ती दुसरीकडे उतरेल. तिथे खाली तू नसशील."

तिकडे शेफालीने हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "इतक्या वरनं आपलं गाव पहिल्यांदाच बघितलं." सगळे ओरडले. सुटाला पैसे ठेवायचे खिसे नसतात, तिच्याकडे दमडी नव्हती. कुमार उठला, पँट झटकली, प्रमोटरला टेम्पोत घातलं आणि निघून गेला. उन्हं कलली तेव्हा टेम्पो परत आला. जिलबी आली, प्रमोटर आला नाही.

"त्यांना कुठे सोडलंस?" मी विचारलं.

"नसरापूर फाट्याला. एसटी मिळंल त्यांना."

जिलबी गार झाली होती. सगळ्यांनी खाल्ली. कुमारने बहिणीला आपल्या हाताने भरवली, कारण पॅराशूटची घडी घालताना तिचे दोन्ही हात दोरांत गुंतले होते.

त्या रात्री शेफालीला मी मृत्युपत्राचं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, माळ मला नको. मला काही झालं तर माझं सगळं दादाकडेच जाणार. ज्याला माझ्या उडीची एवढी धास्ती, त्याला माझ्या मरणातून माळ मिळायला नको. द्यायचाच तर सरळ त्याला द्या."

"आणि त्याने विकला तर?"

"तर विकला. दुसरीकडे उतरेन."

यावर मी महिनाभर विचार केला, आणि मी सहसा विचार इतका लांबवत नाही. तरी पासलीचा माळ, त्यावरच्या बांधासह आणि ओढ्याच्या पाण्याच्या हक्कासह, मी माझा भाचा कुमार बंडू शिळीमकर यास देत आहे. अट कोणतीही नाही. वर उडणाऱ्याला आभाळ पुरतं. जमीन त्याची असावी जो खाली उभा राहून वर बघतो. मी त्याला ओळखते. तो बंगले बांधणार नाही असं मला वाटतं. चूक ठरले तर मला कळणार नाही, एवढी सोय या कागदात आहेच.

माळावर गवत कापायचा हक्क धोंडाबाईंना त्यांच्या हयातभर राहील. उडी चुकून जो त्यांच्या खाचरात उतरेल त्याने त्यांच्याकडे अर्धा दिवस राबायचं, हा चालू रिवाज चालू ठेवावा. प्रेम नावाचा मुलगा यात तरबेज झाला आहे. तो मुद्दाम तिथे उतरतो असा मला संशय आहे, कारण धोंडाबाई दुपारी खेकड्याचा रस्सा वाढतात.

कलम सहावे. बँकेतल्या ठेवींतून माझा अंत्यविधी साधा करावा, आणि उरलेलं कुमार व शेफाली यांनी निम्मं निम्मं घ्यावं. तेराव्याला पंगत नको, भाषण नको, आणि "शांत स्वभावाच्या होत्या" असं कोणी म्हणू नये. त्याऐवजी माळावर सगळ्यांना बोलवावं. मी कितीही जपून बोलले तरी मरणं हे मी पहिल्यांदाच करणार आहे, आणि नियम सर्वांना सारखा. जिलबी माझ्याकडे. ती कुमारने आणावी, आणि या खेपेला गरम आणावी.

हे सर्व मी वाचून, समजून आणि बऱ्यापैकी समाधानात लिहिलं. माझ्या माणसांनी ते तसंच पार पाडावं.

ठिकाण: भोर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

सही: रत्ना मानसिंग शिळीमकर

आम्ही दोघांनी रत्नाबाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिलं, त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या, आणि या कागदातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार: १. डॉ. सावळाराम गेनबा खोपडे, भोर (सही)
२. हनुमंत दगडू मळेकर, निवृत्त एसटी वाहक, भोर (सही)

ता. क. हनुमंतरावांनी सही करताना "असल्या कागदावर पयल्यांदाच सही करतोय बगा" असे उद्गार काढले. डॉक्टरांनी ऐकले आहेत. जिलबी त्यांच्याकडे. र. मा. शि.