वरच्या खोलीची पाटी

बाबा, वरच्या खोलीची जाहिरात आज मी टाकली. मोबाईलवर, फोटोसकट. दाराची 'खोली भाड्यानं देणे आहे'ची टिनाची पाटी तुमचीच ठेवली. फक्त 'शाकाहारी फॅमिलीसाठी' हे तुमचं वळणदार अक्षर घासाले अर्धी सकाळ लागली. बहुत मजा आली. आता तिथं निळ्या पेंटनं लिहिलं आहे, कोणीही या. मोबाईलवर अजून टाकलं, एकटे या, मटण शिजवा, सुकट भाजा, धूर खाली आला तं भिंतीवरच्या बाबाले ठसका लागेल, आमाले नाही.

ही जाहिरात मी बारावीपासून मनात लिहून राहिली. केमिस्ट्रीच्या मॅडमले खोली पाहिजे होती, मीच त्यायले घरी आणलं. गच्ची पाहून किती खुश झाल्या होत्या. तुमी चहा देता, गाव विचारता, आडनाव विचारता, मग माहेरचं आडनाव. मॅडम भोळेपणानं म्हणतात, "दसऱ्याले आमी सगळे दीक्षाभूमीवर जातो, इथून जवळच पडेल." तुमी कप खाली ठेवता. दुसऱ्या दिवशी तुमी मले म्हणता, "मॅडमले सांग वं, खोली गेली. मामाचा पोरगा राह्याले येऊन राहिला."

"कोणता पोरगा, बाबा?"

"शिकवलं तेवढं बोल."

मी बोलली. स्टाफरूमच्या दारात, नजर खाली घालून. आणि तुमी पाटी काढलीच नाही. मॅडमची स्कूटी रोज आपल्या दारावरूनच कॉलेजले जात होती. त्यायनं मले एकदाही टोचून बोललं नाही, म्हणून तं तुमाले मी माफ केलं नाही, तुमी गेल्यावरही.

आज खोलीचा फोटो पहिले मॅडमलेच पाठवला. मले वाटलं, त्या येतील, तुमच्या फोटोसमोरून जिना चढतील, आणि मी उभी राहून पाहीन. लगेच फोन आला.

"काहून वं, एवढ्या वर्षांनी आठवण आली? माझं मौद्याले घर झालं, बाई. वरची खोली मीच भाड्यानं देऊन राहिली. तुले पाहिजे का? अट एकच, घोरणारं माणूस नको." खूप हसल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो मामाचा पोरगा गेला का?"

हे पत्र तुमाले पोचणार नाही, म्हणून सांगते. मी म्हटलं, "हो मॅडम, गेला." या वेळी मले कोणी शिकवलं नव्हतं.