जीपच्या डिझेलातलं पाणी

मंगळवार, दिवेलागणीला

डोकं उठलं आज! ह्यांच्या जुन्या डिझेल जीपला कुठला फिल्टर घालायचा, यावरून मुलगा आणि नात दुपारपासून भांडतायत. रविवारी नात एकटी ताम्हिणीतून कोकणात निघालीय. डिझेलात पाणी येऊन ऐन घाटात गाडी बंद पडली तर? मुलगा म्हणे, "होता तसलाच बसवू." नात म्हणे, "बाबा, त्यात पाणी दिसत नाही!" शेवटी मीच टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बरणीत काढायला लावलं. तासाभरात खाली बोटभर पाणी! एवढी शिकलेली माणसं, नुसतं बघावं हे कुणाला सुचू नये? म्हटलं, "खाली काचेची वाटी असलेला घ्या. पाणी दिसलं की सोडून द्या." मुलगा तसला आणायला निघाला. नात म्हणाली, "आजी, रोज ती वाटी बघायला तूच चल." राग अजून गेला नाही, पण पिशवी भरून ठेवलीय.