काळ्या मातीसाठी चार टायर

१२ जानेवारी
आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली. आयुष्यभर पत्रंच लिहिली, त्यामुळे वहीतही हात तसाच वळतो.
क्लच कसा आहे? (कुत्रा.) बरा आहे. कानातला गोचीड काढला, त्याबद्दल मला चावला. कोंबड्या? आमच्याकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा, उकाड्याने चोची उघड्या टाकून बसल्यात, अंड्यांच्या बाबतीत हात आखडता. माझा गुडघा? कुरकुरतो, पण चालतो. यूट? (गाडी.) इंजिन ठणठणीत, मागचा हौदा जरा गंजलाय, चारही टायर घासून गोटा. नोएलीन? तीही बरी असणार. ती गावात बहिणीकडे, ग्वेनकडे गेली आहे. चार दिवसांसाठी. नाताळच्या आधी गेली.
भांडण वगैरे काही नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. चर्चच्या कार्यक्रमाला निघालो होतो, पाऊस झाला होता, आणि वाटेवर डिक्सनच्या शेतालगतच्या खोलगटात यूट काळ्या मातीत रुतली. नोएलीन मांडीवर पाव्हलोव्हा केक घेऊन संध्याकाळभर बसून राहिली. कार्यक्रमात तिचं एकटीचं गाणं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. केक आम्ही दोघांनी बोटांनी खाल्ला. मला तर मजा आली.
शेजारच्या डगने ट्रॅक्टरने ओढून काढलं. नोएलीन त्याला म्हणाली, डग, मला तसंच पुढे ग्वेनकडे सोड. आणि मला म्हणाली, मर्व, या टायरांवर मी आता या रस्त्याने यायची नाही.
म्हणजे प्रश्न टायरचा आहे. टायर आले की नोएलीन घरी. बायकोचं म्हणणं इतकं स्वच्छ किती जणांना कळतं?
निश्चय: या आठवड्यात ऑल-टेरेन टायर, म्हणजे चिखल-दगड कुठेही चालणारे. चांगले, पण परवडणारे.

१४ जानेवारी
कोस्टाच्या टायरच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, गाडी कुठे चालवतोस? म्हटलं, सगळीकडे. म्हणाला, सगळीकडे म्हणजे कुठे? म्हटलं, घर ते गाव. आणि? म्हटलं, गाव ते घर.
म्हणाला, मग साधे रस्त्याचे टायर घे की गड्या, रोजची गाडी आहे, पेट्रोल कमी खाईल. मला अपमान वाटला. अर्धा रस्ता डांबरी असला तरी उरलेला अर्धा माती आहे, आणि माणसाची परीक्षा मातीत होते, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, काळी माती ओली झाली की कुठलाच टायर बघत नाही, वाळेपर्यंत घरी बसायचं, हे तुझ्या बापालाही माहीत होतं.
बापाच्या वेळी ऑल-टेरेन नव्हते.
तीन प्रकार दाखवले. एक स्वस्त, ज्याचं नाव कोस्टालाही धड उच्चारता येईना. एक महाग, त्याच्या जाहिरातीत बर्फाचा डोंगर. एक मधला. विचार करतो म्हटलं. म्हणाला, कर बाबा, माझे टायर कुठे जात नाहीत. तुझे चाललेत.

२० जानेवारी
अभ्यास सुरू. धान्याच्या कोठारापाशी चहाला तिघे बसले होते, त्यांना विचारलं. पाच मतं मिळाली. रुंद टायर घे, चिखलावर तरंगतो. अरुंद घे, चिखल कापत जातो. बाजू जाड बघ. बाजू जाड नको, गाडी बैलगाडीसारखी हादरते. पाचवं मत डगचं. म्हणाला, मर्व, फुलं घेऊन जा.
डगला टायरमधलं काही कळत नाही.
इंटरनेटवरही वाचलं. एक माणूस म्हणतो मधला टायर उत्तम. त्याच्याखाली दुसरा म्हणतो पहिला माणूस गाढव. दोघांचंही पटलं.
निश्चय: शुक्रवारपर्यंत निर्णय.

२६ जानेवारी
सुट्टी. ग्वेनकडे जेवायला होतो. मटणाचे चॉप आणि बीटाचं सॅलड. नोएलीनने केस कापलेत. बोलिंग क्लबात जाते, पांढरी टोपी घेतली आहे. मंगळवारी गाण्याचा सराव. सारखी हसत होती. माझ्या आठवणीने आतून किती झुरत असेल ते मला बरोबर दिसलं.
टायर घेतलेस का, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं की शेवटच्या टप्प्यात आहे. ग्वेन म्हणाली, कुणाच्या? नोएलीनने तिला टेबलाखालून पाय मारला. तो मला लागला.
शुक्रवार गेला. पण घाईचा निर्णय घेऊन बायकोचा जीव धोक्यात घालणाऱ्यांतला मी नव्हे.

३ फेब्रुवारी
फार महत्त्वाचा दिवस.
नोएलीनला फोन केला. सरळ विचारलं, चांगले टायर बसवले तर येशील ना घरी? आमच्या फोनची लाइन म्हणजे कढईत पापड तळल्यासारखी, तरी मी नीट ऐकलं. ती म्हणाली, नाही, हो.
आमच्या इकडे लहान मुलालाही कळतं. "हो, नाही" म्हणजे नाही. "नाही, हो" म्हणजे हो. शेवटचा शब्द खरा, आधीचा नुसता सभ्यपणाचा. तोंडावर कुणी कुणाला नुसतं नाही म्हणत नाही.
तर ती "नाही, हो" म्हणाली. म्हणजे हो. मी क्लचला उचलून घेतलं. पुन्हा चावला.

१० फेब्रुवारी
टायर ठरले. मधला. त्यातही सगळ्यांत खोल खाचांचा, एकेक ठोकळा पावाच्या तुकड्याएवढा. कोस्टा म्हणाला, मर्व, लेका, हा दगडधोंड्यांसाठी आहे, तुझ्या वाटेवर शंभर मैलांत दगड नाही. म्हटलं, उद्या आला तर?
ऑर्डर दिली. आठवड्याभरात येतील.

२१ फेब्रुवारी
दोन आले.

२८ फेब्रुवारी
उरलेले दोन आले आणि बसवले. यूट उभी राहिली की बोकड शिंगं रोखून उभा राहतो तशी दिसते. कोस्टाच्या दुकानासमोरून मुद्दाम दोन वेळा गेलो.
डांबरी रस्त्यावर जरा आवाज करतात. म्हणजे गुणगुणतात. वेग वाढवला की रेडिओ ऐकू येत नाही, आणि एका विशिष्ट वेगाला क्लच तोंड वर करून त्यांच्या सुरात रडतो. तो वेग टाळायचा. पेट्रोल थोडं जास्त लागतं. दातांची कवळी थरथरते ती सवयीने थांबेल.
उद्या नोएलीनला आणायचं. बेसिन घासलं. चादर बदलली.

१ मार्च
नोएलीन फाटकापर्यंत आली, टायरभोवती एक फेरी मारली, म्हणाली, भारी दिसतात हो. मी दार उघडून धरलं. ती म्हणाली, मर्व, आज रस्ता कोरडा आहे. कोरड्यात तर पोराची ढकलगाडीसुद्धा जाते.
बरोबर आहे तिचं. सावध बाई आहे. टायरची परीक्षा ओल्यात. एकटाच परत आलो. वाटेत क्लच रडला.
निश्चय: पाऊस.

९ मार्च
ढग नाही. डगला ज्वारीसाठी पाऊस हवा, मला टायरसाठी. दोघे कुंपणाला टेकून आभाळाकडे बघत उभे होतो. तो म्हणाला, नुसतं तिला विचार ना, काय झालंय म्हणून. म्हटलं, विचारलं की, ती नाही, हो म्हणाली. डगने डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

१५ मार्च
पाऊस झाला! कालपासून पडत होता, सकाळी थांबला. वळणावर रस्ता बंदची पाटी लावली होती. ती साध्या टायरवाल्यांसाठी. मी यूट बाजूने काढली.
पहिला टप्पा अप्रतिम. टायर माती धरत होते. मी मोठ्याने म्हणालो, बघ, धरतात! मग लक्षात आलं की सोडत नाहीत. प्रत्येक खाचेत काळी माती गच्च बसली, त्यावर आणखी बसली, टायर फुगत फुगत मडगार्डला जाऊन भिडले, आणि चाकं फिरायचीच थांबली. डिक्सनच्या खोलगटापर्यंत पोचलोसुद्धा नाही. आपल्याच फाटकाच्या नजरेसमोर.
उलथन्याने खरवडलं. उलथनं वाकलं. ते नोएलीनचं आवडतं.
डग ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, जुन्या टायरांवर तू निदान अर्ध्यावर तरी पोचायचास. आता तर अर्धा रस्ताच उचलून घरी घेऊन चाललास.
इथे लिहून ठेवतो: एकही टायर पंक्चर झाला नाही. त्या दृष्टीने परीक्षा यशस्वी.

१९ मार्च
रस्ता वाळला. ग्वेनकडे गेलो. टायरच्या आवाजाने शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.
नोएलीनला सगळं खरं सांगितलं, म्हणजे पंक्चर न झाल्याचं. ती चहा गाळत होती. म्हणाली, मर्व, बस. मी म्हटलं, पण आता टायर आहेत, आणि तू फोनवर नाही, हो म्हणाली होतीस. ती म्हणाली, मी हो, नाही म्हणाले होते. ग्वेन म्हणाली, मी शेजारीच उभी होते, हो, नाहीच म्हणाली ती.
मी म्हटलं, लाइन खरखरत होती. ग्वेन म्हणाली, लाइन नव्हे भाऊजी, कान. नोएलीन तिला म्हणाली, जा गं तू, झाडांना पाणी घाल. ग्वेन म्हणाली, पाऊस पडलाय कालपरवा. तरी गेली.
मग नोएलीन सांगत राहिली आणि मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. म्हणाली, तिकडे मला एकटं पडायला होतं. तू असतोस, पण तू यूटच्या खाली असतोस. पाऊस पडला की मी दिवस दिवस खिडकीपाशी बसते. इथे मी पायी गाण्याला जाते. मला तिकडे राहवत नाही असं सरळ म्हटलं असतं तर तू महिनाभर जेवला नसतास. म्हणून टायर म्हटलं. टायरचं तुला वाईट वाटणार नव्हतं.
पंचेचाळीस वर्षांत ती इतकं सलग बोलली नव्हती. किंवा बोलली असेल, मी यूटखाली असेन.
म्हणाली, ग्वेनच्या शेजारची दोन खोल्यांची जागा पुढच्या आठवड्यात रिकामी होते आहे. मी घेतली आहे. कुत्रा चालतो. तू येणार की नाही ते सांग, आणि आज एकदा तरी सरळ सांग.
मी बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं. म्हटलं, नाही... हो.
ग्वेन बागेतून ओरडली, काय म्हणाला गं? नोएलीन म्हणाली, हो म्हणाला.

२९ मार्च
सामान यूटमध्ये भरलं. हौदा अर्धा रिकामाच. दोन माणसांचं आयुष्य म्हणून मी दोर जास्त काढून ठेवला होता.
कायमचा वगैरे जात नाही. नोएलीनचं मन तिथे रमेपर्यंत. सहा महिने, फार तर.
नव्या जागेचा रस्ता दारापर्यंत डांबरी आहे. कोस्टाला विचारलं, हे परत घेऊन साधे देशील का? तो बराच वेळ हसला, मग डोळे पुसले आणि म्हणाला, वापर रे, रस्त्यावर फार टिकतात ते. शेजारच्या बाईने आवाजाबद्दल ग्वेनकडे निरोप ठेवलाच आहे.
डग घराकडे बघणार आहे. तो फोन उचलत नाही, म्हणून स्वयंपाकघरात त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली. तीच इथे उतरवून ठेवतो:

डग, किल्ली मीटरच्या खोक्यात आहे. घराला माझी गरज लागली तर केव्हाही, कुठल्याही क्षणी येऊ शकतो, टायर तसेच घेतलेत. फक्त निघण्याआधी रस्ता पूर्ण कोरडा आहे ना, तेवढं पोस्टकार्डावर कळव. वाट बघतो. लवकर लिही.