क्लेटनचा बाहुला

बाबा,

मी स्पर्धेला निघालेय. राजम्याची चिली फ्रीजमध्ये आहे, गरम करून घ्या. मक्याचा पाव कुत्र्याला घालू नका.

आपल्या क्लेटनची रिमोटची गाडी नेतेय. लेकाला पुरून आल्यापासून तुम्ही गॅरेजमध्ये पाय ठेवला नाहीत, म्हणून विचारलं नाही. रागवायचं तर संध्याकाळी रागवा. काल मी तिची चाकं धुतली, चढावर तोंड वर करू नये म्हणून पुढच्या दोन्हींत शिसं भरलं. स्पर्धेत चालकाच्या जागी बाहुला नसेल तर गाडी खडकांवर उतरवू देत नाहीत. पण क्लेटनने स्वतःसारखाच, लाल टोपीसकट रंगवलेला तो बाहुला मला बघवेना. तो खणात टाकून मी दुसरा बसवला.

आज सकाळी गाडीत क्लेटनचाच बाहुला बसला होता. बॅटरी उतरलेली, आणि टायरांच्या खाचांत मागच्या टेकडीची लाल माती, अजून ओली. तुमचे बूट मात्र दाराशी कोरडे होते. पुसून ठेवलेत वाटतं.

खरं सांगू, बरं वाटलं. माझ्यापुढे गुडघ्याची रड, आणि माझी पाठ वळली की टेकडीवर! मला काय कळत नाही? बाहुला आहे तसाच ठेवलाय. दुपारच्या फेरीला तुमचं नाव घालते. शेजारचा हंटली न्यायला येईल, त्याच्याबरोबर या.

आणि बाबा, ते तुम्ही नसाल, तर मला सांगू नका. नुसते या.

रोंडा