काचीगुड्यात प्रसाद, देगलुरात सुतक

काचीगुडा, हैदराबाद
गुरुवार (कॅलेंडरवर त्रिवेणीने फडकी वाळत घातली आहेत, तेव्हा तारीख तू पाकिटावरच्या शिक्क्यावरून बघ)

तीर्थरूप अक्कास, धाकट्या हिम्मतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोक्याचा विषय पुढे येणारच आहे.) तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि म्हशीचा स्वभाव, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. घरात फोन असताना पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू "ईशा" एवढंच म्हणतेस आणि रडायला लागतेस, मग मी रडतो, मग नेटवर्क जातं. पत्र वाचताना खुशाल रड, मला इथे ऐकू येत नाही.

तर आधी मुद्द्याचं. माझ्या नातीच्या रक्ताच्या कॅन्सरच्या उपचाराचा पहिला टप्पा पार पडला. आजार औषधाला चांगला दबला आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या दिवशी पोरीचा बाप, आपला रितेश, दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान पोरासारखा रडला आणि मग पोटभर इडल्या खाल्ल्या. मात्र औषध अजून बरंच चालायचं आहे आणि जंतूंपासून पोरीला जपायचं आहे. आमची सूनबाई त्रिवेणी हे काम इतक्या मनावर घेते की वाटी उकळते, वाटी उचलायचा चिमटा उकळते आणि चिमटा ठेवायची ताटलीही उकळते. परवा मी चष्मा ओट्यावर विसरलो. आता त्याची एक काडी कानावर बसते, दुसरी आढ्याकडे बघते. पण बोलायची सोय नाही. त्या माउलीने दिवाळीपासून धड झोप घेतलेली नाही.

आता डोक्याचं. केस गळतील हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि उशीवर बघणं वेगळं. ईशा डोक्यावर चादर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली आणि दवाखान्यात येणार नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुढचा डोस, तो चुकवून चालणार नव्हता. त्रिवेणीने समजावलं, रितेशने स्वतःचा नवा मोबाइल देऊ केला (यावरून बाप किती घाबरला होता ते समज), पोर जागची हलेना. सात वर्षांची आहे, पण हट्टात थेट आपल्या मायवर गेली आहे. शेवटी उरलेसुरले केस मशीनने काढून टाकावेत म्हणून मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला घरी बोलावलं. त्रिवेणीने त्याला मास्क बांधला, त्याचं मशीन पुसलं, हात दोनदा धुवायला लावले, आणि तो वेळेवर मागे सरकला म्हणून, नाहीतर तोही उकळून निघाला असता. तेवढ्यात चादरीतून हुकूम आला, "नाना, आधी तुम्ही." मी बसलो. डोकं झालं. "मिशी पण." न्हाव्याचा हात थांबला. "सोच लेव चाचा, मूछाँ बी?" म्हणाला. अक्का, तुला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मिशी उतरते ती आईबाप गेल्यावर. दादा गेले तेव्हा माझी उतरली होती, आणि माय तर तुझ्याकडे देगलुरात दोन वेळची भाकरी चावून खाते आहे. पण चादर जरा वर झाली होती आणि खालून एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, उडव. ईशा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिचंही डोकं झालं आणि डोस ठरल्या वेळी मिळाला. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो रितेशच्या लग्नातही झाला नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे आमच्या घरमालकीण भाग्यलक्ष्मीअम्मा जिन्यात भेटल्या. माझं डोकं बघून त्यांनी तिथेच हात जोडले आणि म्हणाल्या, "तिरुपती वेळ्ळोच्चारा? लड्डू एदी?" म्हणजे तिरुपतीला जाऊन आलात, तर लाडू कुठे? इथे गोटा केलेला माणूस दिसला की तो बालाजीला केस देऊन आला हे धरूनच चालतात. मी नाही म्हटलं तर बाईंना वाटलं, म्हातारा प्रसाद लपवतो आहे. संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या साऱ्या बिऱ्हाडांत माझ्या चिक्कूपणाची कीर्ती पोचली. शेवटी त्रिवेणीने घरीच बेसनाचे लाडू वळले आणि मी घरोघर "हे तिरुपतीचे नाहीत" असं सांगत वाटले. प्रत्येकाने ते डोळ्यांना लावून खाल्ले. भाग्यलक्ष्मीअम्मा तर म्हणाल्या, पापा (इकडे लहान पोरीला म्हणतात) के वास्ते मैं बी मन्नत मानी. यापुढे माझा लाडवांवरून वाद नाही.

देगलुरात मात्र निराळंच झालं. तू तेव्हा लेकीकडे होतीस, म्हणून पुतण्या प्रमोदकडून कळलं ते सांगतो. रितेशने माझा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. ईशाचा टाकू नको, असं तिनेच बजावलं होतं. त्यामुळे दिसलं काय, तर हिम्मतराव, डोकं गुळगुळीत, मिशी साफ. भावकीने याचा एकच अर्थ काढला आणि पांढरे फेटे बांधून, बायका-पोरांसह तुझ्या अंगणात येऊन सूर लावला. माय तूर निवडत बसली होती. दारात रडणारी माणसं आल्यावर रीत म्हणून तिनेही सूप बाजूला ठेवून मोठ्याने गळा काढला, आणि पोटभर रडून झाल्यावर पदराने डोळे पुसत विचारलं, "कोण गेलं गं बाई?" प्रमोदने पुढे होऊन फोटो दाखवला. आता मायचं म्हणणं असं, की पोराने मला जितेपणी मारलं, मिशी फुटल्याशिवाय त्याने माझ्या दारात पाऊल ठेवू नये. चार वेळा फोन केला, घेत नाही.

बाकी सगळे मजेत. भावजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. कसलीही काळजी करू नको, आम्हाला कशाचीही गरज नाही.

तुझाच भाऊ,
हिम्मत

ता. क. : गरज आहे. रक्तातल्या चांगल्या पेशी नीट वाढल्या तर पुढच्या टप्प्याआधी चार दिवस गावी जाऊन या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत. ईशा रोज पणजीचं नाव घेते. मिशी तोवर फुटणार नाही, कारण तिचे केस येईस्तोवर मी गुळगुळीत राहायचं असं आमचं ठरलं आहे. तेव्हा मायला तू समजाव. आणि भावकीला बजाव, की गर्दी करू नका आणि पोरीच्या डोक्याकडे बघून कुणी चुकचुकू नका. ज्याला चुकचुकायचंच असेल त्याच्यासाठी मी टोपी न घालता अंगणात बसून राहीन. हवं तेवढं बघा.

ता. क. दुसरा : पत्र ईशाला वाचून दाखवलं. ती म्हणते, नानांनी खोटं लिहिलं आहे. न्हावी आला तेव्हा दाराआड उभे राहून तेच रडत होते. ते घाबरले आहेत असं वाटलं, म्हणून तिने त्यांना आधी बसवलं. मिशीचं तिने उगाच म्हटलं होतं, तेवढाच वेळ अजून तिच्या डोक्यावर केस राहतील म्हणून. हे खोडणार होतो, पण ती शेजारीच बसली आहे.